डिग्री सर

"सर, आज किती?"

शनवाऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर हा प्रश्न होळीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत रोज विचारला जातो आणि रोज उत्तर ऐकून विचारणाऱ्याचं तोंड उतरतं. विचारणारा घामानं निथळत असतो. त्याच्या मोबाइलनं त्याला ४६ सांगितलेलं असतं, मेहुण्याच्या गाडीतल्या पडद्यानं ४९, आणि कुणा भाच्यानं "मामू, आज पचास पार है" असं छातीवर हात मारून सांगितलेलं असतं. त्याला फक्त एक भरीव, नातेवाइकांना फोन लावून ऐकवता येईल असा आकडा हवा असतो.

डिग्री सर बशीतला चहा संपवतात, खिशातली डायरी काढतात, चश्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "४३.८. अधिक-उणे ०.३."

"बस?"

"बस."

माणूस असा खट्टू होतो, जणू त्याच्या वाटणीचे दोन-तीन अंश सरांनीच घरी दडवून ठेवले आहेत.

आम्हा बऱ्हाणपूरकरांना मिरवायला तसं काही कमी नाही. फारुकी सुलतानांची राजधानी इथं होती, तापीकाठी किल्ला आहे, मावा जिलेबी आहे, दराबा आहे, ट्रकच्या ट्रक भरून केळी आहेत. पण एप्रिल उजाडला की हे सगळं मागं पडतं आणि ऊन पुढं येतं. भुसावळ, जळगाव, खरगोन आणि बऱ्हाणपूर यांच्यात उन्हाळाभर भाऊबंदकी चालते. माझी धाकटी बहीण भुसावळला दिली आहे. तिच्या सासऱ्यांचा फोन आला की खुशाली नंतर, आधी आकडा. "आमच्याकडे सत्तेचाळीस हो!" असं ते ज्या तोऱ्यात म्हणतात, त्या तोऱ्यात त्यांनी मानपानाची बोलणीही केली नव्हती. अशा वेळी आपल्याच गावचा एक जाणता माणूस ४३.८वर अडून बसतो म्हणजे भर मांडवात आपली मान खाली.

सरांकडे डिग्री नाही, हे आधी सांगून टाकतो. आणि ते 'सर'सुद्धा नव्हते. एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. पगारपत्रकात तसंच लिहिलेलं असे. प्राध्यापक बदलीवर खंडव्याहून येत आणि इंदूरला जात. सर चौतीस वर्षं तिथंच होते. प्राध्यापक फळ्यावर सूत्र लिहीत, आणि व्हर्नियर कॅलिपर कुठल्या बोटांत धरायचा ते सर दाखवत. आमच्या पिढीतल्या कुणालाही ती सूत्रं आठवत नाहीत. पण "झीरो एरर पाहिला का?" हा आवाज मात्र अजून झोपेत ऐकू येतो.

झीरो एरर म्हणजे उपकरणाची जन्मखोड. कॅलिपरचे जबडे पूर्ण मिटले तरी सरकत्या पट्टीचं शून्य मुख्य पट्टीच्या शून्यावर येत नाही, थोडं पुढे किंवा मागे राहतं. अडाणी विद्यार्थी असं उपकरण बदलून मागतो. सर ते बदलून देत नसत. "उपकरण चुकतं म्हणून टाकायचं नसतं," ते म्हणत. "किती चुकतं ते लिहून ठेवायचं आणि वजा करायचं. वाईट ते, जे रोज वेगळं चुकतं."

नोकरी संपली तशी प्रयोगशाळा सुटली, पण सवय कशी सुटणार? सरांनी मग गावालाच झीरो एरर लावायला सुरुवात केली. त्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर गावातल्या माणसांच्या दुरुस्त्या लिहिलेल्या आहेत. दूधवाला 'आत्ता आलो' म्हणतो त्यात पंचवीस मिनिटं मिळवायची. लालबागचा शिंपी 'गुरुवारी देतो' म्हणतो, तो पुढचा सोमवार समजायचा. सरांचे साडू पगार सांगतात त्याला दोननं भागायचं आणि आजार सांगतात त्याला चारनं. माझ्या नावापुढं काय आहे ते मी एकदा चोरून पाहिलं: 'पाच मिनिटांत येतो – गुणिले सात. पण नेहमी सातच. भरवशाचा.' त्या दिवशी मला वाईट वाटावं की बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरामागच्या अंगणात सरांनी एक पेटी उभी केली आहे. चार पायांवर, जमिनीपासून चार फूट उंच, पांढरीशुभ्र, चारही बाजूंना दुहेरी झिलमिळ्या, म्हणजे वारा आत येतो पण ऊन येत नाही. दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी सूर्य आत डोकावत नाही. खाली गवत, कारण फरशी तापली की पेटीलाही ताप येतो. जगभरच्या वेधशाळांत हीच पेटी असते. ती थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश इंजिनियरनं काढली. हा गृहस्थ दीपगृहं बांधायचा, आणि 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा स्टीव्हन्सन हा त्याचा मुलगा. सरांच्या मते मुलानं बापाचं नाव झाकोळून टाकलं. "गोष्टी काय कोणीही लिहील," ते माझ्याकडे बघून म्हणतात.

पेटीत चार थर्मामीटर आहेत. एक कोरडा. एक ओला, ज्याच्या फुग्याला मलमलीची चिंधी बांधलेली असते आणि तिचं टोक पाण्यात बुडालेलं असतं. चिंधीतलं पाणी जितकं झरझर उडेल तितका तो थंड पडतो, आणि दोघांतल्या फरकावरून हवेतला दमटपणा कळतो. तिसरा कमाल तापमानाचा. त्याची नळी फुग्याजवळ चिमटलेली असते, त्यामुळे पारा वर चढतो तो चढतो, उतरायचं नाव घेत नाही. धरून झटकावा लागतो. सर त्याला साडूचं नाव देतात. चौथा किमान तापमानाचा, आणि त्यात पारा नसून मद्यार्क असतो. ज्या घरात सुपारीचं खांडही चालत नाही, तिथं अंगणात वर्षानुवर्षं दारू भरून ठेवली आहे आणि रोज सकाळी साडेआठ वाजता ती उघडून पाहिली जाते.

साडेआठ म्हणजे साडेआठ. हवामान खातं देशभर पावसाचं मोजमाप सकाळी साडेआठला घेतं, म्हणून सरही घेतात. या वेळात सुतक, लग्न, निवडणूक काहीही आड येत नाही. मुलाच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना सर तेरा मिनिटं दिसेनात. भटजींनी दोन कडवी जास्त म्हटली म्हणून निभावलं.

पेटी नवी होती तेव्हाची गोष्ट. कार्तिकातल्या एका सकाळी सरांनी दार उघडलं आणि वही हातातून पडायची राहिली. किमान १४, कमाल ५२. कार्तिकात ५२! सरांनी आधी स्वतःवर संशय घेतला, मग चश्म्यावर, मग थर्मामीटरवर. तेवढ्यात त्यांना तिळाच्या तेलाचा वास आला. पेटीच्या तळाशी तेलाचा एक थेंब आणि काजळीचा अर्धचंद्र. शेजारच्या आजींना ती पांढरी, कोरीव, पाय असलेली, दाराची पेटी देव्हाराच वाटली होती. मास्तरांनी दारालाही कुलूप लावलेलं नाही म्हणजे सार्वजनिक असेल, असं समजून त्यांनी काकडआरतीहून येताना आत निरांजन ठेवलं होतं.

सरांनी त्या दिवसाची नोंद खोडली नाही. नोंद खोडणं त्यांच्या धर्मात बसत नाही. त्यांनी लिहिलं: 'कमाल – वाचन रद्द. कारण – श्रद्धा.' आणि मग पेटीपासून दहा फूट अंतरावर, मोजून, आजींसाठी विटांचा एक कोनाडा बांधून दिला. तिथं आजही दिवा लागतो. कोणत्या देवाचा, ते आजींनाही ठाऊक नाही. त्या 'पाराबाबा' म्हणतात.

दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्यानं एसी बसवला आणि त्याचं बाहेरचं यंत्र नेमकं पेटीकडे तोंड करून गरम फुंकर मारायला लागलं, तेव्हा प्रकरण एवढं सोपं नव्हतं. सर भांडायला गेले नाहीत, इतिहास सांगायला गेले. मुंबईला कुलाब्याची वेधशाळा होती. तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले, काटे इतके नाजूक की जवळून वीज वाहिली तरी बिथरत. मुंबईनं घोड्यांच्या ट्राम काढून विजेच्या आणायचं ठरवलं, तेव्हा ती मोजणी समुद्रापलीकडे नेली, अलिबागला. १९०४ साली तिथं चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. "एका काट्यासाठी मुंबईनं खाडी ओलांडली," सर म्हणाले, "तुम्हाला दोन फूट सरकवता येत नाही?" शेजारी पॉवरलूमवाला, व्यवहारी माणूस. त्यानं विचारलं, "सर, अलिबागला जायचा खर्च कुणी केला?" यंत्र अखेर सरकलं, पण त्याचं प्लंबिंग सरांच्या पेन्शनमधून झालं.

कुलाब्याचं नाव निघालं की सर हमखास केरूनानांवर येतात. केरो लक्ष्मण छत्रे. पुढं डेक्कन कॉलेजात गणित शिकवलं, टिळक त्यांचे विद्यार्थी, हे सगळ्यांना माहीत असतं. सरांना भावतं ते त्याआधीचं: १८४०च्या सुमाराला पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागतो आणि ठरल्या वेळी उठून काटे वाचतो. "टिळक घडवले ते नंतर. आधी पारा वाचला." सरांच्या हिशोबी स्वराज्याची सुरुवात तिथून होते.

पाहुणे आले की आमच्या गावात त्यांना किल्ल्यावर न्यायची पद्धत आहे. मी एकदा चूक केली: पुण्याच्या मावसभावाला किल्ला दाखवायला सरांना बरोबर घेतलं. शाही हमामखान्यात गाइड रंगात आला होता. बेगम, गुलाबपाणी, गरम पाण्याचे हौद. सरांनी विचारलं, "किती अंश?" गाइड थांबला. "जी?" "गरम म्हणजे किती?" बिचाऱ्यानं इतक्या वर्षांत हजारो लोकांना तो हमाम दाखवला असेल, हा प्रश्न पहिल्यांदाच आला. मग तो वळला मुमताज महलकडे. १६३१ साली बऱ्हाणपुरातच तिचा मृत्यू झाला, पलीकडे जैनाबादला आधी दफन केलं, वगैरे सांगताना त्याचा आवाज दाटून आला. मावसभावाच्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला. सर हळूच म्हणाले, "त्याच साली व्हर्नियर निघाला."

"कोण वारलं?"

"वारला नाही, निघाला. पिअर व्हर्नियर, फ्रेंच. त्याच्या सरकत्या पट्टीचं पुस्तक १६३१चं. एका रेघेच्या आतला दहावा हिस्सा वाचता यायला लागला." आणि मग क्षणभर थांबून, "बादशहाकडे सगळं होतं हो. ती पट्टी नव्हती."

सरांना गावातली दोनच ठिकाणं खऱ्या अर्थानं आवडतात. एक जामा मशीद, शके १५११ची. तिथं आत संस्कृत शिलालेख आहे. मशिदीत संस्कृत म्हणून लोक थक्क होतात, ते बरोबरच आहे. सर थक्क होतात ते वेगळ्या कारणानं: त्यात संवत, शक, तिथी, नक्षत्र तर आहेच, पण त्या रात्रीच्या किती घटिका उलटल्या होत्या तेही कोरलं आहे. घटिका म्हणजे २४ मिनिटं. तळाला भोक असलेलं तांब्याचं पात्र पाण्यात सोडायचं, ते भरून बुडालं की एक घटिका. "चारशे वर्षांपूर्वी या गावात माणूस घटिका मोजून दगडावर लिहीत होता," सर म्हणतात, "आणि आज लग्नपत्रिकेवर छापतात 'सायंकाळी'."

दुसरं ठिकाण कुंडी भंडारा. १६१५च्या सुमाराला, खानखाना रहीमच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याला मुरणारं पाणी जमिनीखालच्या भुयारातून गावाकडं आणलं. पंप नाही, रहाट नाही, निव्वळ उतार. उतार जास्त झाला तर पाणी भुयार कोरून काढेल, कमी झाला तर थांबेल. मधली ती नेमकी उतरण कुणीतरी मोजली म्हणून पाणी अजून वाहतं. लिफ्टनं खाली उतरलं की आत गुडघाभर पाणी आणि गारवा. सर वर्षातून बारा वेळा खाली जातात, प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला, थर्मामीटर घेऊन. जमिनीत तेवढं खोल गेलं की उन्हाळा-हिवाळा पोचत नाही, वर्षभराची सरासरी तेवढी राहते. वर मे महिना सगळं भाजून काढत असतो आणि खाली पारा जानेवारीत होता तिथंच. मी एकदा म्हटलं, "सर, तोच आकडा येणार माहीत आहे तर दर महिन्याला कशाला?" सरांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "देवळात जाता ना? देव बदललेला असतो का?"

त्यांचं सगळ्यात आवडतं थर्मामीटर पुण्याला तपासून आणलेलं आहे. रात्रीच्या गाडीनं गेले. धक्का बसला की पाऱ्याची रेघ मध्येच तुटते, म्हणून ती लांबट लाकडी पेटी रात्रभर उभी, मांडीवर, दोन्ही हातांत. समोरच्या बाकावरच्या बाईंनी मनमाडला हळूच विचारलं, "कोण गेलं हो तुमचं?" पुण्यात एका प्रयोगशाळेनं ते तपासलं आणि चिठ्ठी दिली: ४० अंशांना ०.२ कमी दाखवतं. ती चिठ्ठी लॅमिनेट करून आता देव्हाऱ्यात बालाजीच्या शेजारी आहे. काम झाल्यावर सर शिवाजीनगरला सिमला ऑफिस बाहेरून पाहून आले. पुण्यात सिमला का, तर हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून १९२८ साली पुण्याला आलं आणि नाव तेच चिकटलं. तिथं अन्ना मणी नावाच्या बाईंनी, स्वातंत्र्यानंतर लगेच, हवामानाची उपकरणं देशातच बनावीत म्हणून शंभराच्या घरात उपकरणांची नमुना-रेखाटनं तयार करून घेतली. सरांनी फाटकापाशी चप्पल काढून नमस्कार केला. पहारेकऱ्याला वाटलं मागं मारुती आहे. त्यानंही केला.

घरात हे सगळं सहन करणारी व्यक्ती म्हणजे काकू. नातवाला ताप आला की सर तीन थर्मामीटर काढतात, तिन्ही पाच-पाच मिनिटं लावतात आणि सरासरी काढायला बसतात. पोर तोवर रडून लाल झालेलं. सून म्हणाली, "बाबा, ९८.६च्या वर आहे ना? मग औषध देते." हे ऐकून सर औषध बाजूला ठेवून ९८.६वर घसरले. लाइपझिगच्या वुंडरलिश डॉक्टरनं पंचवीसेक हजार रोग्यांच्या काखेत फूटभर लांबीचा थर्मामीटर धरून १८६८मध्ये ३७ अंश सेल्सियस ही सरासरी मांडली. आपण ती फॅरनहाइटमध्ये नेली आणि दशांशासकट पाठ केली. आजच्या मोजणीत माणसं त्याहून थोडी गारच निघतात. "नियम नाही तो. सरासरी आहे!"

काकू स्वयंपाकघरातून आल्या, हात पदराला पुसून नातवाच्या कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "एकशे एक. द्या औषध."

सरांची सरासरी १०१.२ आली.

याचा सरांना राग आला नाही, कुतूहल वाटलं. पुढचं वर्षभर घरात, वाड्यात, नात्यात ज्याला ताप येईल त्याला आधी काकूंचा हात, मग थर्मामीटर. वीस वाचनं झाली. वहीत नोंद आहे: 'उपकरण क्र. ० – हात (उजवा). त्रुटी – अधिक-उणे अर्धा अंश. सेल लागत नाही. अट – भांडी घासल्यावर दहा मिनिटं थांबावे.' काकूंनी ती वाचली. "चाळीस वर्षांत एवढंच काय ते कौतुक केलंत," त्या म्हणाल्या, "तेही अधिक-उणे करून."

गंमत सोडा, पण या आकड्यांवर पोट असलेली माणसं सरांकडे येतात तेव्हा सर वेगळेच होतात. शाहपूरकडचे केळीवाले डिसेंबर-जानेवारीत येतात. थंडीच्या रात्री केळीच्या बागेला चरका बसतो, पानं पिवळी पडतात, घड अडकून राहतात. तापीच्या खालच्या अंगाला, रावेर-जळगावात, हवामानावर आधारलेला फळपीक विमा आहे. ठरलेल्या अंशाखाली पारा सलग काही दिवस उतरला तर भरपाई, नाहीतर नाही. म्हणजे पाव अंशावर वर्षाचं बिऱ्हाड. रावेरकडचे सरांचे एक दूरचे पाहुणे अशाच एका जानेवारीत सकाळी आले, चहा घेतला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादा, तुमच्या वहीत पाव अंश कमी लिहा ना. दाखवायला होईल."

"माझ्या वहीला कोण विचारतंय?"

"मग काय बिघडतं लिहायला?"

"कोणी विचारत नाही," सर म्हणाले, "मग खोटं लिहू तरी कुणासाठी?"

पाहुणे गेले. सर दिवसभर गप्प होते. संध्याकाळी त्यांनी पाहुण्यांच्या बागेत टांगायला स्वतःचं दोन नंबरचं किमान थर्मामीटर पाठवून दिलं, दुरुस्तीच्या चिठ्ठीसकट.

टपरीवर मात्र त्यांची कोणी गय करत नाही. एकदा ते चहावाल्याला म्हणाले, "तुझं पाणी शंभरला उकळत नाही." चहावाल्याला तो आपल्या धंद्यावरचा आरोप वाटला. सरांनी समजावलं, शंभर ही समुद्रकाठची गोष्ट. बऱ्हाणपूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास उंच आहे, हवेचा दाब थोडा कमी, म्हणून इथं पाणी ९९च्या जरा वर उकळतं. चहावाला म्हणाला, "इसमें भी कम?" उन्हात कमी, पाण्यात कमी, या माणसानं गावाला काहीच पुरतं द्यायचं नाही असं ठरवलं आहे, असं सगळ्यांचं मत पडलं.

फक्त एकदाच सरांना टाळ्या मिळाल्या. बोलता बोलता ते सांगून गेले की सेल्सियसनं १७४२ साली पट्टी आखली ती उलटी होती: उकळतं पाणी शून्यावर आणि बर्फ शंभरावर. ती तो वारल्यावर सुलटी झाली.

कोपऱ्यातला एकजण बराच वेळ बोटं मोजत होता. "म्हणजे आजचे आपले ४५ त्याच्या हिशोबानं किती?"

"५५," सर म्हणाले.

टपरी उठून उभी राहिली. "तोच लावा ना सर!"

"अरे, मग जानेवारीत दहाचे नव्वद होतील!"

"तर मग काय! भुसावळवाल्यांना सांगा!"

गेल्या मेअखेरीस चौकातल्या एका दुकानदारानं आपल्या पत्र्याच्या छपरावर तापमानाचा डिजिटल बोर्ड लावला. दुपारी दोनला लाल आकडे पेटले: ५१.४. अर्ध्या तासात चौकात जत्रा. पोरं बोर्डाखाली फोटो काढायला लागली, उसाच्या रसवाल्यानं गाडा पुढं घेतला. मीही गेलो. खोटं कशाला सांगू, फोटो काढला आणि पहिल्यांदा भुसावळला पाठवला.

अडीच वाजता सर आले. डोक्यावर टोपी नाही, हातात काळी छत्री. त्यांनी बोर्डाच्या मागं जाऊन पाहिलं. मोजणारी वायर उघड्या उन्हात, तापलेल्या पत्र्याला टेकलेली. "हे हवेचं तापमान नाही," ते म्हणाले, "हे पत्र्याचं आहे." कुणी ऐकलं नाही. सरांनी रसवाल्याचं स्टूल घेतलं, त्यावर चढले आणि छत्री उघडून त्या वायरवर धरली.

"सर, उतरा, लागेल!"

"वीस मिनिटं. पारा असो की वायर, वेळ द्यावा लागतो."

५१.४. ५०.६. ४९.१. चौकात कुजबुज सुरू झाली. ४७.८ला कुणीतरी "अरेरे" केलं. ४६.१वर आकडा थांबला आणि गर्दी अशी पांगली, जशी सामना हरल्यावर पांगते. दुकानदार गल्ल्यावरून ओरडला, "सर, पाँच डिग्री का नुकसान कर दिया आपने!" माझा फोन वाजला, भुसावळ. मी उचलला नाही.

तेवढ्यात काकू आल्या. एका हातात कैरीच्या पन्ह्याची बाटली, दुसऱ्यात कांदा. स्टुलावर उभं राहून वायरला सावली देणाऱ्या, स्वतः मात्र रणरणत्या उन्हात असलेल्या नवऱ्याकडे त्यांनी एकदा वर बघितलं.

"बोर्डाला छत्री," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला?"

"माझं कुठं मोजायचंय?" सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही पाहिली. त्यांचं ते सरळ, बारीक अक्षर: 'कमाल ४४.९, अधिक-उणे ०.३. चौकातल्या बोर्डाचा झीरो एरर – उन्हात अधिक ६.५, छत्रीखाली अधिक १.२ (पत्र्यामुळे). शेरा – छत्री धरणाऱ्याचे तापमान घेता आले नाही. दोन्ही हात गुंतलेले होते.'

त्याखाली दुसऱ्या शाईत, दुसऱ्या हाताचं, मोठं वाकडं अक्षर: 'रात्री १०० होता. हात लावून पाहिला.'

आणि त्या ओळीच्या शेवटी पुन्हा ते बारीक अक्षर: 'अधिक-उणे अर्धा.'